बागुलबुवाची रात्रपाळी

सोलापुरात बागुलबुवाची नोकरी करायची तर चार भाषा यायला हव्यात. दुसऱ्या गावांत एका मराठीवर भागत असेल, इथे नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लिंगायत वाण्याचं घर, तिथे कानडी. मधल्या वाड्यात आम्ही, मराठी. पुढे पद्मशाली विणकरांची ओळ लागली की तेलुगू सुरू, आणि कोपऱ्यावर तांबोळ्यांकडे दख्खनी. रात्रीचे नऊ वाजले की या सगळ्या घरांतली पोरं एकदम हट्टाला पेटायची. कुणाला भाकरी नको असायची, कुणाला झोप. मग दारादारांतून बोलावणी सुरू. "गुम्म बंद नोड!" "बूचोडु वस्ताडु!" "सो जा, हौवा आया!" आणि आमच्याकडून आजीचं ठेवणीतलं, "झोपायलालास, का बोलवू त्याला?"

एकट्या जिवाने एका वेळी इतक्या दारांत कसं पोचायचं, याचा विचार कुणी केला नाही. हे लाल बावट्याचं गाव. विडी वळणाऱ्या बायकांपासून यंत्रमागावरच्या कामगारांपर्यंत इथे सगळ्यांच्या युनियन झाल्या, मोर्चे निघाले. बागुलबुवाला मात्र ना बोनस, ना साप्ताहिक सुट्टी. उलट सुट्टीच्या दिवशी पोरं घरात, म्हणून काम दुप्पट.

शाळेत आम्हाला राष्ट्रीय एकात्मतेवर निबंध लिहायला लावायचे. त्यात गणपती आणि मोहरम यायचे, गड्ड्याची जत्रा यायची, १९३१ साली एकाच दिवशी फासावर गेलेले सोलापूरचे चार हुतात्मे यायचे. पण रोज रात्री नवाला चार भाषांतली पोरं एकाच कारणासाठी पांघरुणात शिरतात, ही एकात्मता निबंधात कधी आली नाही. वाण्याच्या घरी खेळायला गेलो की मी गुम्माला भ्यायचो, विणकरांकडे गेलो की बूचोड्याला. यजमानांचा मान ठेवण्याची रीतच होती तशी.

यात गुम्माचं घराणं सर्वांत जुनं आणि खानदानी. कानडी संतकवी पुरंदरदास सोळाव्या शतकातले. त्यांच्या एका पदात बाळकृष्ण यशोदेला काकुळतीला येऊन सांगतो की गुम्माला बोलावू नकोस, मी शहाण्यासारखा वागतो. विचार करा. पूतनेला ज्याने संपवलं, कालियाच्या फण्यावर जो नाचला, गोवर्धन ज्याने करंगळीवर तोलला, तोही गुम्माचं नाव काढल्यावर गप्प व्हायचा! मग मंगळवार पेठेतल्या दुसरीतल्या पोराने पांघरूण ओढून घेतलं तर त्याला भित्रा कसं म्हणायचं?

सोलापूरच्या भुतांची खरी अडचण वेगळीच होती. भुताचा धंदा शांततेवर चालतो, आणि या गावाला शांतता माहीत नव्हती. इथे १८७०च्या दशकात कापडगिरणी आली आणि पुढचं शतकभर गाव भोंग्यावर जगलं. शास्त्राप्रमाणे भुताने रात्री बाराला बाहेर पडायचं. सोलापुरात मध्यरात्रीच्या सुमाराला पाळी बदलायची, आणि डबे हातात घेतलेली माणसं तंबाखू मळत, मुकादमाच्या नावाने बोटं मोडत रस्त्यावर यायची. अशा गर्दीत पांढरी साडी नेसून, केस मोकळे सोडून उभी राहिलेली हडळ किती टिकणार? दोघा-तिघांनी तरी तिला विचारलं असतं, "काय ओ अक्का, कुठल्या खात्यात? वाइंडिंगला का?"

पूर्व भागात तर याहून कठीण. तिथे घराघरांत माग. खडखट खडखट असा आवाज रात्रभर चालायचा आणि विणकरांची पोरं त्या आवाजात गाढ झोपायची. त्यांना जाग यायची ती आवाज थांबल्यावर. वीज गेली, माग बंद पडले आणि गल्लीत सन्नाटा झाला की सगळी पोरं एकदम उठून रडायची. इतर गावांतल्या पोरांना खुडबुडीची भीती, आमच्याकडे खुडबुड बंद झाल्याची. भारनियमनाच्या काळात सोलापूरच्या भुतांना चांगले दिवस आले असतील, तर त्याचं श्रेय वीज खात्याला द्यायला हवं.

बाकी मराठी भुतांची खानेसुमारी फार पूर्वी, तीही सरकारी पद्धतीने झालेली आहे. अनंत कान्हेरे यांनी १९०९ साली नाशिकला ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या, ते कलेक्टर जॅक्सन लोकसमजुतींचे अभ्यासक होते. त्यांनी शाळामास्तरांकडून भुताखेतांची, नवस-सायासांची, उताऱ्यांची माहिती मागवली होती. पुढे एन्थोव्हेन नावाच्या अधिकाऱ्याने त्या सामग्रीवरून १९१४-१५ साली खंड काढले, एक गुजरातचा आणि एक कोकणचा. हल्ली मास्तर लोक कुरकुरतात की शिकवायचं सोडून आम्हाला जनगणनेला जुंपतात, मतदार याद्यांना जुंपतात. त्यांनी आपले पूर्वज आठवावेत. ते भुतं मोजत होते. आणि त्या पहिल्या दोन खंडांत कोकणातली भुतं छापून आली, देशावरची मागे राहिली. अनुशेष म्हणतात तो हाच.

या मंडळींची व्यवस्था मोठी काटेकोर. मुंज झाली, लग्न राहिलं आणि मेला तो मुंजा, त्याला पिंपळ. बाळंतपणात गेली ती अळवंतीण. वेताळ सगळ्यांचा मुकादम, त्याची पालखी गावाबाहेरून. हडळीचे पाय उलटे. गिऱ्हा पाण्यात. ब्राह्मणाचा मुंजा वेगळा, ब्राह्मणाचाच समंध वेगळा, आणि खवीस त्यांच्या पंगतीला नाही. मेल्यावर देह सुटतो, नाती सुटतात, पण जातीचा दाखला तेवढा बरोबर जातो, असं दिसतं.

पण लहान मुलाला झोपताना यांची भीती वाटत नाही, हे नीट पाहिलं की लक्षात येतं. या सगळ्यांना पत्ता आहे. मुंज्याला टाळायचं तर पिंपळाखालून जाऊ नये, गिऱ्ह्याला टाळायचं तर विहिरीत डोकावू नये. बागुलबुवाला पत्ता नाही, चेहरा नाही, पाय सुलटे की उलटे तेही कुणी सांगत नाही. विलायती पोरांचा राक्षस पलंगाखाली राहतो म्हणे. आमच्याकडे पलंग एकच, त्यावर आजोबा, आणि त्याखाली ट्रंका, पाट, लोणच्याची बरणी आणि जुन्या पंचांगांचा गठ्ठा. राक्षसाला तिथे अंग चोरूनही बसता आलं नसतं. आम्ही ओळीने जमिनीवर. त्यामुळे आमच्या बागुलबुवाला माळा, कोठीची खोली, मोरी आणि जिन्याखालचा अंधार एवढ्या जागा वाटून दिलेल्या होत्या. हट्ट जिथे होईल तिथून जवळची जागा त्याने धरायची.

दिवसा त्याच्या जागेवर बदली कामगार असत. आसूड ओढत येणारा पोतराज, खाकीतला हवालदार, सुई टोचणारे डॉक्टर आणि झोळीवाला बाबा. "जेव, नाहीतर झोळीत घालून नेईल." या बिचाऱ्यांना आपण कामावर आहोत याची कल्पनाही नसायची. झोळीवाला पसाभर पिठाच्या आशेने दारात उभा राहायचा आणि आतून पोराची किंकाळी यायची. डॉक्टर आयुष्यभर विचार करत असणार की मी तर गोड बोलतो, मग मला पाहून हे कार्टं आईच्या पदराला का लोंबकळतं?

आता संरक्षणाची बाजू. जगभरच्या पोरांचा एक नियम आहे, तो कुणी कुणाला शिकवत नाही: भुताला पांघरुणाच्या आत यायला परवानगी नसते. पाय बाहेर राहिला तर तो पाय भुताचा. या बाबतीत सोलापूरची पोरं जगात सर्वांत सुखरूप. आमच्याकडे चादर आहे, आणि ती सोलापुरी आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिची वीण, तिचं जकार्ड, तिचा टिकाऊपणा या सगळ्याची दखल घेतली गेली. पण ती भूतप्रतिबंधक आहे, हा मुख्य गुण अर्जात लिहायचा राहिला असावा.

ती पांघरण्याचं तंत्र होतं. आधी दोन्ही पाय उचलून चादरीचं टोक टाचांखाली दाबायचं. मग डाव्या बाजूची कड पाठीखाली, उजवीकडची भावाच्या पाठीखाली, म्हणजे आलाच तर आधी भाऊ. डोक्यावरून ओढून घेतल्यावर नाकापुरती एक फट ठेवायची, पण ती भिंतीच्या बाजूला. आतून झिरोच्या दिव्याचा लालसर उजेड चादरीतून झिरपायचा आणि उलट्या बाजूचे मोर दिसायचे. चादर जुनी असेल तर एखाद्या मोराला मान नसायची. त्या बिनमानेच्या मोराकडे बघत पडून राहायचं.

इथवर सगळं ठीक. पण सोलापूरचा मे महिना! पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जाऊन येतो. संध्याकाळी माळवदावर पाणी मारायचं, वाफा निघून गेल्या की गाद्या टाकायच्या, आणि सगळं घर उघड्या अंगाने आभाळाखाली. अशा रात्री जाड चादर डोक्यावरून घेऊन पडणं म्हणजे काय, ते भोगलेल्यालाच ठाऊक. डोकं बाहेर काढावं तर बागुलबुवा, आत ठेवावं तर जीव कासावीस. शेवटी पहाटे कधीतरी घामाने चिंब झालेलं पोर "नेलं तर नेलं बे" म्हणून चादर लाथाडून द्यायचं. सोलापूरच्या निम्म्या पोरांची भीती अशी निव्वळ उन्हाळ्याने घालवली आहे. वेदान्ताला लागतात तेवढी वर्षं उकाड्याला लागत नाहीत.

अध्यात्माचा आधार होताच. समर्थ रामदासांचं मारुतीस्तोत्र पाठ असायचं. दिवसा ते चालीवर, सावकाश. रात्री मोरीकडे जाताना तेच इतकं भराभर सुटायचं की मारुतीलाही एकेक शब्द पकडायला उड्डाण करावं लागलं असतं. शिवाय सोलापूर म्हणजे देवस्थानांच्या मधलं गाव. गावात सिद्धेश्वर, जिल्ह्यात पंढरपूर, अक्कलकोट. आता पंढरपूरची गंमत अशी की तुकोबांनी एका अभंगात खुद्द विठोबालाच भूत ठरवलं आहे, आणि तेही जबरदस्त. तिकडे फिरकू नका, गेलेला माघारी येत नाही, असा इशारा दिला आहे. आमचे आजोबा वारकरी. हा अभंग ते टाळावर म्हणायचे आणि आजी डोळे पुसायची. मी मात्र मनातल्या मनात अंतर मोजायचो. पंढरपूर सोलापूरहून सत्तर किलोमीटरच्या आसपास. एवढं मोठं भूत एवढ्या जवळ, आणि आजोबा दर वर्षी स्वतःहून भेटायला जातात!

अक्कलकोटच्या स्वामींचं वचन तर आमच्या प्रत्येक रिक्षाच्या पाठीवर. "भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे." लाखो लोकांना या वाक्याने बळ दिलं, आणि मोठेपणी ते मलाही मिळालं. पण सहा-सात वर्षांचं पोर, अंधारा जिना, हातात टमरेल, आणि डोक्यात हे वाक्य. पाठीशी आहे! नेमकी तीच तर भीती होती.

पुढे सिनेमाने बागुलबुवाला पहिल्यांदा चेहरा दिला आणि तिथेच त्याचा घात केला. १९८४ साली रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' आला. त्यातल्या सामरी नावाच्या राक्षसाने आमच्या पिढीची झोप उडवली. ती भूमिका करणारे अनिरुद्ध अग्रवाल मुळात सिव्हिल इंजिनियर, हे फार उशिरा कळलं. वेळीच कळलं असतं तर आमच्या आत्याने त्यांचं स्थळ काढलं असतं. माझ्या धाकट्या भावंडांची पिढी १९९३च्या 'झपाटलेला'ने घायाळ केली. महेश कोठारे यांचा सिनेमा, रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि त्यात शिरलेला तात्या विंचू. घरातल्या सगळ्या बाहुल्या रात्री भिंतीकडे तोंड करून बसवल्या जायच्या. आता हा तात्या विंचू रंगवला कुणी? दिलीप प्रभावळकरांनी. त्यांनीच १९८२च्या 'एक डाव भुताचा'मध्ये अशोक सराफांच्या भुताला तोंड दिलेलं, आणि त्यांनीच २००६ साली 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी उभे केले. ज्याच्या नावाने माझी चुलत बहीण अंथरूण ओलं करायची, तो शेवटी महात्मा गांधी निघाला! चेहरा दिसला की भूत असं माणसात येतं. म्हणून अनुभवी आज्यांनी बागुलबुवाचं वर्णन कधी केलं नाही. व्यवसायातलं गुपित होतं ते.

मग ही भीती जाते कशी? घरोघरी पहिला उपाय म्हणजे वडिलांचं भाषण. "भूत वगैरे काही नसतं." हे भाषण उजेडात, खुर्चीत बसून दिलं जातं. मूल निमूट ऐकतं आणि विचारतं, "नसतं तर मग तुम्ही काल जेवताना बोलावत कुणाला होता?" इथे भाषण संपतं.

शास्त्रज्ञांनीही डोकं लावलं आहे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या तीन वर्षांच्या पोराची हकिगत छापली. पीटर सशाला भ्यायचा. त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि तो खाण्यात रमला की पिंजरा थोडा जवळ आणायचा, असं करत करत ससा त्याची बोटं कुरतडू लागला तरी पीटर हलेना. उत्तम पद्धत. पण बागुलबुवाला लागू न पडणारी, कारण थोडा थोडा जवळ आणायचा तर तो आधी लांब कुठेतरी उभा सापडायला हवा. खाऊचं म्हणाल तर शेंगाचटणी-भाकरीचा ढीग लावला असता.

वाड्यातला उपाय निराळा होता आणि तो कुणी योजलेला नव्हता. संडास परसाच्या पार टोकाला. रात्री जायचं तर सोबत लागायची. मोठी माणसं दिवसभराच्या कष्टाने मेल्यागत पडलेली. त्यांना उठवलं तर भुतापेक्षा त्यांची भीती जास्त. म्हणून नियम असा पडला की धाकट्याला थोरल्याने न्यायचं. थोरला म्हणजे तरी किती? नऊ वर्षांचा. काल-परवापर्यंत तोच कुणाची तरी बंडी धरून चालत होता. आता त्याच्या हातात मरत आलेल्या सेलचा टॉर्च, जो मांडीवर आपटल्यावर पेटतो आणि गरज लागली की विझतो. मागे धाकटा, त्याची करंगळी घट्ट धरून. चिंचेचं झाड हललं. थोरल्याच्या पोटात गोळा आला, पण तोंडातून बाहेर पडलं ते वेगळंच. "वारं आहे बे. भितोस काय?"

बास. त्या क्षणी त्याची भीती गेली. ती नाहीशी झाली नाही. करंगळीवाटे धाकट्याकडे उतरली. आमच्या घरांत भीतीचं चलन थोरल्याच्या शाळेच्या चड्डीसारखं असायचं. आखूड झाली की टाकायची नाही, धाकट्याला द्यायची, आणि त्याला मोठी होत असली तरी नाडी बांधून घालायला लावायची. थोरला दाराबाहेर उभा राहायचा. आतून दर दहा सेकंदांनी "आहेस ना?" अशी पृच्छा यायची. "आहे की ओ राजे, आटपा." मग आतल्याने गाणं म्हणायचं आणि बाहेरच्याने ओळ पुरी करायची, म्हणजे दोघेही जागेवर आहेत याची पावती. याच वयात थोरल्याला दुसराही एक शोध लागायचा: टॉर्च हनुवटीखाली धरला की आपणच बागुलबुवा. तो शोध लागला की बालपण संपलं म्हणून समजावं.

वाड्याच्या या शास्त्राला पुढे परदेशातून पुष्टी मिळाली. जोनाथन कुशनीर आणि तेल अवीवचे अवी सादेह या इस्रायली संशोधकांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. रात्री भिणाऱ्या चार ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांनी एकेक कापडी कुत्र्याचं पिल्लू दिलं. काहींना सांगितलं, हे तुझं रक्षण करेल. काहींना सांगितलं, हे बिचारं घाबरट आहे, तूच याला सांभाळ. दोन्हीकडची भीती कमी झाली. पहिल्या प्रकाराचं नवल नाही. देवाचा फोटो उशाला ठेवण्यातलाच तो भाग. दुसऱ्याची खरी मौज. जे पोर स्वतः थरथरत होतं, त्याच्या गळ्यात त्याच्याहून थरथरणारा जीव बांधला, आणि ते ताठ उभं राहिलं. आम्हाला कापडी कुत्रं परवडणारं नव्हतं. त्याऐवजी आईवडिलांनी दर दोन-तीन वर्षांनी एकेक धाकटं भावंड आणून दिलं.

मात्र ज्यांची ही भीती वेळेवर उतरत नाही, त्यांचं काय होतं, हेही याच जिल्ह्याने सोसलं आहे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसं बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातली. पोरं पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप मोबाइलवर फिरत होते. मारणारे मोठे बाप्ये होते. लहानपणी जेवताना दाखवलेला झोळीवाला त्यांच्या मनात तसाच उभा होता, फक्त त्यांचे हात मोठे झाले होते. त्यांना भ्यायला शिकवणाऱ्या कुठल्याही आजीच्या मनात एवढं नव्हतं. पण झोळीवाल्याला बागुलबुवाच्या हाताखाली बदली लावलं, ते आपणच. निदान जिवंत माणसं तरी या खात्यातून मोकळी करायला हवीत.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर हेच सांगितलं आणि त्यासाठी प्राण दिले. त्यांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला. भुताला बोलावण्याची धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणं त्यात गुन्ह्यात येतं. रोज रात्री नवाला ही धमकी देणारी आमची आजी त्या आधीच गेली होती, आणि कायदा मागच्या तारखेपासून लागू होत नाही, म्हणून घराण्याची अब्रू राहिली.

तेव्हा सध्याच्या आईबापांना माझा सल्ला असा की भाषणं देऊ नका, खोलीभर चांदण्यांचे दिवे लावू नका. घरात धाकटं भावंड नसेल तर स्वतः धाकटे व्हा. मुलापेक्षा जास्त घाबरा. यात नाटक फारसं करावं लागत नाही, हे अनुभवाने सांगतो. परगावच्या लॉजमध्ये एकट्याने झोपताना बाथरूमचा दिवा चालू ठेवणारे संसारी पुरुष मला बरेच माहीत आहेत आणि त्यांतल्या एकाची दाढी मी रोज करतो.

माझी पाच वर्षांची नात अंधारात पाऊल टाकायला तयार नव्हती. मी तिला सांगितलं, "बाई, मला रात्री मोरीकडे जायला भीती वाटते. तू येशील का सोबत?" तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. मग उठली, माझं बोट धरलं आणि पुढे निघाली. आता भीतीचं नाव नाही. परवा तिने दरपत्रकच सांगितलं. "आबा, लाईट लावून गेलात तर पाच रुपये. अंधारात गेलात तर दहा. मी बाहेरून बोलत राहायचं असेल तर त्याचे वेगळे." पुष्कळ घासाघीस केली. शेवटी महिन्याचा पास काढून घेतला आहे.